गंडम राफेलच्या किती पट?

प्रश्न थोडक्यात असा : जपानी ॲनिमेतला 'गुंडम' नावाचा मेका (आत माणूस बसून चालवतो ते माणसाच्या बांध्याचं यंत्र) आणि राफेल यांची तुलना चालली होती. एका मित्राने लिहिलं, 'गुंडम राफेलपेक्षा साडेतीनपट मोठा, म्हणजे राफेल गुंडमपेक्षा साडेतीनपट लहान.' हे मराठी बरोबर आहे का? मेकाला यंत्रमानव म्हणावं का? आणि राफेल 'साडेचाराव्या पिढीचं' की 'साडेचार पिढीचं'?

गुंडम नव्हे, गंडम. नावात इंग्रजी 'गन' आहे, गुंड नाही. पुढे.

'साडेतीनपट लहान' हे मराठी नाही. 'दहापट स्वस्त', 'पाचपट हलका', 'तिप्पट कमी' ही वाक्यं बातम्यांत आणि जाहिरातींत रोज कानावर आदळतात आणि रोज डोकं उठवतात. पट म्हणजे घडी, पदर. बाळाला गुंडाळायचं दुपटं ते दोन पदरांचं, आणि दुप्पट हा शब्द त्याच घरातला. पदरावर पदर चढवत गेलं की वस्तू वाढते. एखादी वस्तू तिच्या एकपट लहान केली तर शिल्लक शून्य. मग साडेतीनपट लहान केलेलं राफेल शोधायचं कुठे? उलट बाजूने सांगायला मराठीत निम्मं आहे, पाव आहे, तिसरा हिस्सा आहे. तेवढ्यावर आपल्या आज्यांनी अख्खे व्यवहार निभावले.

'साडेतीनपट मोठा' हेही मला खटकतं, पण ते 'पट'मुळे नव्हे, 'मोठा'मुळे. मोठा म्हणजे काय? गंडमची उंची १८ मीटर. राफेलची उंची ५.३ मीटर. भागाकार केला की ३.४ येतात, साडेतीन हे मित्राचं औदार्य. पण विमानाची उंची कोण मोजतं? ती हँगरचं दार बांधणाऱ्याला लागते. विमान आडवं असतं, त्याची लांबी बघायची. राफेल १५.३ मीटर लांब आहे, म्हणजे गंडम त्याच्या सव्वापटही नाही. वजन घ्या : गंडम पूर्ण सज्ज असताना ६० टन, राफेल जास्तीत जास्त भार घेऊन उडताना साडेचोवीस टन. इथे उत्तर अडीचपट. एका 'मोठा'ची तीन उत्तरं निघाली आणि मंडळी तासन्‌तास भांडतात की खरं उत्तर कोणतं! उंच, लांब, रुंद, जड, अवजड, अवाढव्य असे वेगवेगळे शब्द असताना सगळीकडे 'मोठा' लावलं की असं होतं.

नाशिकजवळ ओझरला जुळणी झालेलं सुखोई-३० एमकेआय शेपटीवर उभं केलं (करू नका), तर त्याचं नाक जमिनीपासून जवळजवळ २२ मीटरवर जाईल आणि गंडम त्याच्या खांद्याशी येईल. 'पॅटलेबर' या जपानी मालिकेतला टोकियो पोलिसांचा मेका इंग्रम तर ८ मीटर उंच आणि ६ टनांचा. आपलं तेजस १३.२ मीटर लांब आहे. तरी लोक 'मेका म्हणजे महाकाय आणि विमान म्हणजे चिमुकलं' असं धरूनच वादाला बसतात. यातली गोम कळायला 'मॅक्रॉस' ही १९८२ची मालिका बघावी. तिच्यातलं वॅल्किरी हे रूप बदलणारं यंत्र रचनाकार शोजी कावामोरीने अमेरिकेच्या एफ-१४ टॉमकॅटवरून बेतलं. ते विमान असताना १४.२३ मीटर लांब, आणि पाय बाहेर काढून उभं राहिलं की १२.६८ मीटर उंच. यंत्र तेच, पत्रा तोच, वजन तेच सव्वातेरा टन. आता सांगा, कोण कोणापेक्षा मोठं?

वजनाचं आणखी एक, कारण ते मला गप्प बसू देत नाही. आकार तोच ठेवून उंची दुप्पट केली तर वजन आठपट होतं. पावणेदोन मीटरचा सत्तर किलोचा माणूस १८ मीटरपर्यंत ताणला तर तो सुमारे ७६ टनांचा होईल. तेवढ्याच उंचीचा, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा म्हणवणारा गंडम ६० टनांचा. माणूस पाण्यात जेमतेम तरंगतो. हा गडी छान तरंगेल. 'पॅसिफिक रिम' चित्रपटातला ७९ मीटरचा जिप्सी डेंजर तर १९८० टनांचा सांगतात. त्या हिशेबाने तो सहा हजार टनांच्या पुढे हवा. समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो लढतो कसा, हा प्रश्न शब्दचर्चेचा नाही, म्हणून सोडतो.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो. मित्राने जो आकडा उचलला, साडेतीन, त्याला मराठीत स्वतःचा शब्द होता : औट. 'औट घटकेचं राज्य' सगळ्यांच्या तोंडी असतं. औट म्हणजे काय विचारलं तर निम्मे लोक इंग्रजी 'आउट'कडे बोट दाखवतात, राजा आउट झाला म्हणून! औट घटका म्हणजे साडेतीन घटका, चोवीस मिनिटांची एक घटका धरून ८४ मिनिटं. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांच्या पुढे औटकी पाठ करून घेत, म्हणजे साडेतीनचा पाढा. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी 'मोटकी औट वळणी' निजलेली आहे, म्हणजे साडेतीन वेढे घालून.

हा औट आला कुठून? संस्कृत 'अर्धचतुर्थ' याचं प्राकृतात 'अद्धुट्ठ' झालं आणि त्याचा आपल्याकडे औट. अर्धचतुर्थ म्हणजे चौथा अर्धा. तीन पूर्ण झाले आहेत आणि चौथ्यातला अर्धा हाती आला आहे. मोजणारा मागे वळून 'तीन आणि वर अर्धा' असं सांगत नाही; पुढच्या पायरीकडे बघून 'चौथी अर्धी चढलो' म्हणतो. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन पीठं आणि वणी हे चौथं अर्धं : अर्धचतुर्थ याहून नेटकं कोणी समजावू शकेल का? आणि औट एकटा नाही. दीड हा 'द्व्यर्ध'मधून आला, म्हणजे दुसरा अर्धा. अडीच 'अर्धतृतीय'मधून, तिसरा अर्धा. दीड, अडीच, औट ही तीन सख्खी भावंडं. त्यांतली दोन आपण सांभाळली आणि तिसऱ्याच्या जागी 'सार्ध'मधून आलेला हा 'साडे' आणून बसवला. साडेएक किंवा साडेदोन म्हणणाऱ्याला आपण हसतो. साडेतीन म्हणताना मात्र कोणाला काही वाटत नाही.

औटचं मूळ ॐकारात शोधणारेही भेटतात. अ, उ, म यांच्या तीन मात्रा आणि वर अर्धमात्रा, एकूण साडेतीन, म्हणून म्हणे 'अउ'पासून औट. साडेतीन मात्रांचं तत्त्वज्ञान त्यांच्या जागी असू दे. पण 'म' गेला कुठे आणि 'ट' आला कुठून, एवढं विचारलं की ही मंडळी श्रद्धेचा विषय काढतात. व्युत्पत्तीत श्रद्धा चालत नाही, ध्वनी जुळावे लागतात. आणि अर्धचतुर्थ ते औट या वाटेवरचा प्रत्येक टप्पा प्राकृतात उभा आहे. हा शब्द मेला असं सांगून मजकुरातून तो कापणाऱ्या संपादकांबद्दल तर बोलायलाच नको. त्यांच्याच अग्रलेखांत सरकारं दर पावसाळ्यात औट घटकेची ठरतात.

आणि आता माझा लाडका भाग. संतांच्या बोलीत मनुष्यदेह 'औट हातांचा' आहे. ज्याच्या त्याच्या हाताने मोजलं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, तर जो तो ढोबळमानाने साडेतीन हात भरतो. चरकसंहिता शरीराची उंची ८४ अंगुळं देते, आपल्याच बोटांच्या मापाने. चोवीस अंगुळांचा एक हात, म्हणजे पुन्हा साडेतीन. घटकेच्या हिशेबातही ८४ आणि अंगुळांतही ८४, दोन्ही चोविसाच्या औटकीतले! आणि चरकाच्या ज्या भागात हे माप येतं त्याचं नाव आहे विमानस्थान. तिथे विमान म्हणजे उडतं यान नव्हे. वि अधिक मा, विशेष मोजमाप. प्रमाण, परिमाण, अनुमान यांतला तोच 'मा'. 'वि म्हणजे पक्षी, मान म्हणजे सारखा, पक्ष्यासारखं ते विमान' असं व्याख्यानांतून ठोकून देणाऱ्यांनी ऋग्वेदातलं 'रजसो विमानः' उघडून बघावं. तिथे अंतरिक्ष मोजणारा देव आहे, पंख असलेलं काही नाही. त्यांचा आधार बहुधा 'वैमानिकशास्त्र' असतो, आणि ते पुस्तक विसाव्या शतकातलं आहे आणि त्यातली यानं उडणारी नाहीत हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवून दिलंय.

तर औट हात. गंडमला माणसाचा बांधा आहे, म्हणून तोही स्वतःच्या हाताने औट हातच भरणार. १८ मीटरला साडेतीनने भागा : त्याचा एक हात ५.१४ मीटर. आणि राफेलची उंची? ५.३. म्हणजे चाकांवर उभं असलेलं राफेल शेपटीच्या टोकापर्यंत गंडमच्या एका हाताएवढं आहे. तुमच्या मित्राला साडेतीनच का सापडले ते आता कळलं असेल. मेकांची उंची मीटरात सांगून कोणाला काही बोध होत नाही. त्यांचा हात सांगावा. वॅल्किरीचा हात ३.६ मीटर, इंग्रमचा सव्वादोन मीटर, जिप्सी डेंजरचा साडेबावीस मीटर. त्या शेवटच्याच्या कोपरावर सुखोईचं शेपूट टेकवलं तर नाक त्याच्या बोटांच्या टोकाशी येईल. ही मोजणी मी सगळ्यांना सुचवतो. आतापर्यंत कोणी घेतलेली नाही, तो त्यांचा प्रश्न.

यंत्रमानवाचं उरलं. नाही, म्हणू नये. यंत्रमानव हा रोबोसाठी घडवलेला शब्द. त्यात आत माणूस नसतो, हेच त्याचं लक्षण. गंडममध्ये माणूस बसतो. १९७९च्या त्या मालिकेत त्याला मेका नव्हे, 'मोबाइल सूट' म्हणतात. सूट म्हणजे अंगावर चढवायची गोष्ट. तेव्हा चिलखत म्हणा, चालतं चिलखत म्हणा. महायंत्रमानव, यंत्रदैत्य, यंत्रासुर असे जे शब्द सुचवले जातात त्यांत दैत्य आहेत, असुर आहेत, फक्त आत बसलेला तो पोरगा नाही. 'मेका' तसाच ठेवायलाही माझी हरकत नाही, मात्र जपानीत मेका म्हणजे कोणतंही यंत्र, मोटार काय, बंदूक काय. जपानी माणसाच्या लेखी राफेलही मेकाच. त्यामुळे 'मेका मोठा की विमान' हा वाद त्याला 'वाहन मोठं की ट्रक' असा ऐकू येत असेल.

पिढीबद्दल. लढाऊ विमानं तंत्रज्ञानाच्या पिढ्यांनी मोजतात, आणि राफेल चौथ्या आणि पाचव्या पिढीच्या मधलं. 'साडेचार पिढीचं' म्हणजे ज्याच्या साडेचार पिढ्या झाल्या ते, हा अर्थ इथे नाही. 'साडेचारावं' तर तोंडात मावत नाही. साडे लावलेल्या संख्येला मराठी क्रमवाचक प्रत्यय घेत नाही. पण वर सांगितलेली युक्ती आहेच. चौथा अर्धा तो अर्धचतुर्थ, तसा पाचवा अर्धा तो अर्धपंचम. संस्कृतात साडेचारला हाच शब्द आहे, आणि हिंदीतला साडेचारचा पाढा, ढौंचा, हा त्याचाच वंशज. क्रम या शब्दाच्या पोटातच आहे, वेगळा प्रत्यय लावावा लागत नाही. शिवाय अर्थ चपखल बसतो : राफेलकडे पाचव्या पिढीतली इलेक्ट्रॉनिक्स बरीच आहेत, पण रडारपासून लपण्याची कला तेवढी नाही, अमेरिकेचं पाचव्या पिढीचं एफ-२२ रॅप्टर शस्त्रं पोटात दडवतं, राफेल ती पंखांखाली उघड्यावर टांगतं. पाचवी अर्धी चढलेलं विमान. 'राफेल हे अर्धपंचम पिढीचं लढाऊ विमान आहे' असं लिहा.

'पिढी' हा शब्द मात्र मला इथे मुळातच पसंत नाही. पाचव्या पिढीचं रॅप्टर २००५ मध्ये सेवेत आलं आणि चौथीच्या आसपास धरलं जाणारं तेजस २०१६ मध्ये. मुलगा आधी आणि बाप मागाहून, अशी वंशावळ कोणत्या घराण्यात असते? 'श्रेणी' म्हणा. आणि अर्धपंचम श्रेणी म्हटल्यावर कोणी अर्थ विचारलाच, तर त्याच्याकडून आधी औटकी म्हणून घ्या.