टर्पिट्यूडची भीती आणि एजंटचा सल्ला

तुम्ही लिहिलंत की २०१६ च्या गणपती मिरवणुकीत मारामारी झाली, भारतीय दंड संहितेच्या कलम ३२३ खाली (साधी मारहाण) कोर्टाने ५०० रुपये दंड केला. आता व्हिसा एजंट म्हणतो, ‘मॉरल टर्पिट्यूड’ आडवं येईल, अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात अटक-शिक्षेच्या प्रश्नाला सरळ ‘नाही’ टाका.

‘नाही’ अजिबात टाकू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

‘टर्पिट्यूड’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो टर्पेंटाइनचा भाऊबंद वाटला होता. मूळ लॅटिन ‘टर्पिस’, म्हणजे हीन, लाजिरवाणं. आपल्या कायद्याच्या मराठीत ‘नैतिक अधःपतन’. इथे न्यू जर्सीत रोजच्या बोलण्यात तो कुणी वापरत नाही, ‘डिसग्रेसफुल’ म्हणून मोकळे होतात. टर्पिट्यूड राहतो वकिलांच्या कागदात. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात तो १८९१ पासून आहे, पण व्याख्या कायद्यात आजही नाही. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती जॅक्सन यांनी शब्द फारच मोघम आहे म्हणून विरोधी मत दिलं, तरी बहुमताने तो टिकला.

व्याख्या नसली तरी रोख कळतो: हात उचलला का, यापेक्षा मनात खोट होती का. फसवणूक, चोरी यात येतात. भांडणातली साधी मारहाण सहसा येत नाही. आपल्या आळीत हिशेब नेमका उलटा. डोकं फोडणारा पोरगा बदनाम, दुकानातून चॉकलेट उचलणारा नुसता खोडकर! इथे आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याने सेल्फ चेकआउटवर हेडफोन केळ्यांच्या भावात स्कॅन केले. रक्कम किरकोळ, पण गुन्हा चोरीचा. वकिलाची फी अजून फेडतोय.

तुमच्या बाबतीत आणखी एक आधार आहे. एकच गुन्हा, जास्तीत जास्त शिक्षा एक वर्षाच्या वर नाही आणि कोर्टाने सुनावलेली कैद सहा महिन्यांहून जास्त नाही, तर किरकोळ गुन्ह्याची सूट मिळते. ३२३ ला कमाल एकच वर्ष होतं, तुम्हाला तर नुसता दंड. उलट व्हिसासाठी खोटं लिहिलेलं सापडलं, तर प्रवेशबंदी कायमची होऊ शकते, मग माफीचा वेगळा अर्ज करत बसा.

तेव्हा ‘हो’ लिहा, खुलाशात दोन ओळी. कोर्टातून निकालाची नक्कल काढा, दंडाची पावती शोधा, इंग्रजी भाषांतर करून फाइलला लावा. मुलाखतीआधी इमिग्रेशन वकिलाला एकदा दाखवा. आणि तो एजंट बदला.