वडील गेल्यावर आई रडलीच नाही, तिला मुद्दाम रडवावं का?

तुम्ही लिहिलंय की बाबांनी औषध पिऊन जीव दिला त्याला दोन महिने झाले, आई एकदाही रडली नाही, तिसऱ्या आठवड्यापासून वावरात जातेय आणि आत्या म्हणते हिला रडवा नाहीतर वेड लागेल.

मी क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएचडी करतेय, विषय ट्रॉमा आणि इमोशन रेग्युलेशन, म्हणजे मनाला बसलेला धक्का आणि भावना सांभाळायच्या रीती, फिल्डवर्क यवतमाळकडच्या खेड्यांत, त्यामुळे ठासून सांगते, रडवू नका प्लीज. धक्का बसलेल्या माणसाकडून लगेच सगळं वदवून घेतलं की तो मोकळा होतो असं आधी मानायचे, पण तशा एकाच बैठकीच्या डीब्रीफिंगने पुढचा पीटीएसडी, म्हणजे धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक आजार, टळत नाही, जागतिक आरोग्य संघटनापण ते करू नका म्हणते. आणि आईने तेच किती जणांना सांगितलं असेल बघा ना, पोलीस, तलाठी, सरकारच्या एक लाखाच्या मदतीसाठी पात्र की अपात्र ते ठरवणारे, वर भेटायला येणारी प्रत्येक बाई.

इकडच्या बाया मला म्हणतात, "रडून काय होते माय, सोयाबीन सोंगाचं हाये." कामात जीव गुंतवणं हीपण दुःख सांभाळायची रीतच आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉसने १९९८ मध्ये मांडलेलं भावना सांभाळण्याचं मॉडेल मी वापरते, त्यात लक्ष दुसरीकडे वळवणं वेगळं आणि आतून जळत असताना चेहरा कोरा ठेवणं वेगळं, या दुसऱ्याला सप्रेशन म्हणतात, त्याने आतलं दुःख कमी होत नाही आणि शरीरावरचा ताण उलट वाढतो. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून डोळ्यातलं पाणी सोडा, तिची रात्र बघा. झोप लागते का, दचकून उठते का, जेवते का, ज्या जागी ते झालं तिकडे जायचं टाळते का. घरातलं माणूस असंच गेलेल्या एका काकूंचे फवारणीच्या दिवसांत औषधाच्या वासाने हात कापायचे, छातीत धडधड व्हायची आणि घरचे म्हणायचे कामाचा कंटाळा करते, कोणाच्या लक्षातच आलं नाही की तो वास त्यांना त्याच दिवसात नेऊन सोडतो. असं महिन्याच्या वर चालू असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागात दाखवा, यावर चांगले उपचार आहेत. त्याआधी बोलायचं असेल तर टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात, रात्रीपण लागतो.

"आता जगून काय कराचं" असं काही बोलली तर मात्र थांबू नका, सरळ विचारा की जीव द्यायचा विचार येतो का, विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, आणि हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. फवारणीचं उरलेलं औषध तर आजच घरातून हलवा, ती काही बोलो न बोलो.

आणि आत्याला एवढी काळजी आहे तर म्हणा काही दिवस रात्री आईजवळ झोपायला या, काही विचारू नका, नुसतं सोबत राहा.