कांद्याच्या बातमीखालची माझी प्रतिक्रिया काढून टाकली. हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला नाही का?

नाही. राज्यघटनेचं कलम १९ तुमचं बोलणं सरकारपासून वाचवतं; खासगी संकेतस्थळाने ते छापलंच पाहिजे, असं त्यात नाही.

'लासलगावचे लिलाव बंद ठेवून शेतकऱ्याला मारलं' हे तुमचं वाक्य कडक आहे, पण ते राहिलं असतं. पुढच्याच ओळीत तुम्ही व्यापाऱ्यांची जात काढलीत, तिथे सगळं गेलं. मी नाशिकमध्ये वाचकांच्या प्रतिक्रिया तपासण्याचं काम करते. अर्धं खोडून उरलेलं तुमच्या नावावर ठेवणं मला अप्रामाणिक वाटतं, म्हणून पूर्ण काढते. शिवाय नाव घेऊन खोटा आरोप केलात तर बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे.

जात वगळून पुन्हा लिहा ना. आणि तुमचा कांदा क्विंटलला कितीला गेला, तेही घाला.