१८९८ साली क्लोंडाइकच्या डॉसन सिटीत सामान्य माणसाचा दिवस कसा जायचा?

बहुतेकांचा दिवस स्वतःचं सोनं शोधण्यात नव्हे, तर दुसऱ्याकडे मजुरी करण्यात जायचा. क्लोंडाइक म्हणजे कॅनडाच्या वायव्य टोकाचा भाग; तिथे सोनं सापडलं ऑगस्ट १८९६ मध्ये. बाहेरची मोठी गर्दी पोचली १८९८ च्या उन्हाळ्यात, तोवर ओढ्याकाठचे चांगले पट्टे आधीच्या लोकांनी अडवले होते. जमीन बारमाही गोठलेली. म्हणून हिवाळ्यात खड्ड्यात रात्रभर जाळ करायचा, सकाळी राख उपसून मऊ झालेली तेवढीच माती खणायची, वर ढीग लावायचा आणि पुन्हा जाळ. ही माती धुवायची ती वसंतात, पाणी सुटल्यावर, त्यामुळे नेमकं किती हाती लागलं हे महिनोन्‌महिने कळत नसे. गावात व्यवहार सोन्याच्या भुकटीत, औंसाला साधारण १६ डॉलर. दुकानोदुकानी तराजू, आणि तोलताना सांडलेलं अर्थातच दुकानदाराचं! खरे शहाणे धंदेवालेच: बेलिंडा मल्रूनी नावाच्या बाईने रेशमी कापड आणि गरम पाण्याच्या पिशव्या आणून विकल्या, पुढे हॉटेलच काढलं. सिनेमात दिसतात तसे गोळीबार इथे जवळपास नव्हते. कॅनडाचे माउंटेड (घोडेस्वार) पोलीस कडक होते, रविवारी गुत्ते बंद आणि त्या दिवशी लाकूड फोडलं तरी कारवाई. जास्त भीती टायफॉइडची. मात्र हे वर्णन याच एक-दीड वर्षाचं समजा. १८९९ मध्ये अलास्कातल्या नोमच्या सोन्याची बातमी आली आणि हजारो लोक तिकडे निघून गेले.