कोळी नाचाबद्दल तू विचारलंस म्हणून

प्रिय सानू,

मंडळाच्या गणपतीत तुम्ही मुलींनी कोळीगीतावर नाच केलात आणि परत येताना तू विचारलंस, "आई, आपण कोळी नाही ना? मग त्यांचे कपडे का घातले? आणि कोळी अजून आहेत का?" गाडी चालवताना नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

आहेत गं! मुंबई सात बेटांची होती तेव्हापासून ते तिथेच आहेत. जिच्यावरून मुंबई हे नाव पडलं ती मुंबादेवी मूळची त्यांची. वरळी, माहीम, खार दांडा, वेसावे (म्हणजे वर्सोवा), मढ इथे टॉवरांच्या पायथ्याशी आजही कोळीवाडे आहेत. काही कोळी पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झाले, पण मासेमारी सुटली नाही. हिंदू कोळ्यांची एकवीरा आई मात्र समुद्रापासून लांब, कार्ल्याच्या डोंगरावर, लेण्यांच्या दारातच बसली आहे. चैत्रात तिच्या जत्रेला कोळीवाडेच्या कोळीवाडे लोटतात.

मी अंधेरीत वाढले, त्यामुळे वेसावे जवळ. तिथे बोंबील कसे वाळवतात ते तुला दाखवायचंय. बांबूंवर दोऱ्या ताणलेल्या असतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टांगायची. ना गाठ, ना चिमटा. बायकांचे हात इतके भराभर चालतात की नजर ठरत नाही. हे बोंबील येतात डोल जाळ्यातून. ते मोज्यासारखं असतं, तोंड रुंद आणि शेपूट निमुळतं. समुद्रात रोवलेल्या खुंटांना ते प्रवाहासमोर बांधतात आणि पाण्याच्या ओढीबरोबर मासळी आपसूक आत शिरते. म्हणून तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, उधाण (मोठी भरती-ओहोटी) कधी, भांग (लहान भरती-ओहोटी) कधी हे तिथीवरून ठाऊक असावं लागतं.

पुरुष मासळी आणतात, पण ती विकतात बायका. भाव त्या ठरवतात, पैसा त्यांच्या हातात असतो. आमच्या दारात पाटी घेऊन येणाऱ्या मावशींशी घासाघीस करताना तुझी आजीसुद्धा जपून बोलायची! स्टेजवर तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलात ना, तो रुबाब यांचा आहे.

नारळ पाण्यात का सोडतात, हेही तू विचारलं होतंस. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि मासळीच्या विणीचाही तोच काळ, म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. आता सरकारची बंदीही असते, १ जून ते ३१ जुलै. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा करून, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ अर्पण करायचा आणि मग होड्या लोटायच्या. ज्याच्या जिवावर घर चालतं आणि जो घरचा माणूस नेऊही शकतो, त्याला दिलेला तो मान आहे. मला तो वाया गेलेला नारळ कधीच वाटला नाही.

कपड्यांचं म्हणशील, तर कोळीगीतं रेकॉर्डवर आली, रेडिओवर वाजली, लग्नांत आणि शाळांच्या गॅदरिंगमध्ये शिरली आणि सगळ्या महाराष्ट्राची झाली. आपण ती नाचावीत, खुशाल नाचावीत. पण ज्यांची गाणी, त्यांचं आज काय चाललंय हे ठाऊक नसणं मला बरं वाटत नाही. वरळीला कोस्टल रोडच्या पुलाचे खांब ६० मीटर अंतरावर येणार होते. तेवढ्या फटीतून लाटांत होडी काढणं धोक्याचं, म्हणून तिथले कोळी हटून बसले. त्यांची मागणी १६० मीटरची होती. शेवटी २०२२ मध्ये सरकारने १२० मीटर मान्य केलं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटेसाठी त्यांना असं भांडावं लागलं, याचा मला अजूनही राग येतो.

पुढच्या वेळी आजीकडे गेलो की वेसाव्याला जाऊ. सकाळी लवकर उठावं लागेल, कुरकुर चालणार नाही. फोटो काढण्याआधी विचारायचं, आणि मावशींशी मराठीतच बोलायचं.

तुझी,
आई