सापडल्यानंतरचा खर्चही मागून घे

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

जीवाश्मांवर काम करायचं तू ठरवलंस, याचा फार आनंद झाला. 'याला पैसे कोण देणार?' हा तुझ्या बाबांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर एका शब्दाचं आहे: सरकार. तेल कंपन्या सोडल्या तर या विषयाकडे खाजगी पैसा सहसा वळत नाही. २०२३ च्या कायद्याने संशोधनाला पैसे देणारं 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन' आलं, तेव्हा पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभारायचं ठरलं. त्यात सरकारचे सुमारे १४,००० कोटी, बाकीचे बहुतेक उद्योग आणि देणगीदारांकडून. बॅटरीवर किंवा औषधावर काम करणाऱ्यांना त्या मोठ्या वाट्यात जागा आहे. तुला सरकारच्या वाट्याकडेच बघावं लागेल, आणि त्यात कमीपणा काही नाही. लाखो वर्षांपूर्वी आपल्याकडे पाऊस कसा पडत होता, हे कळून कुणा एकाला नफा होत नाही. ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे, म्हणून खर्चही सगळ्यांनी उचलावा.

आता विषयाचं. तू डिचोलीची, घराभोवतीचे खडक अडीचशे कोटी वर्षांच्या घरातले. तेव्हा हाडं असलेला एकही प्राणी पृथ्वीवर नव्हता, त्यामुळे खाणीत डायनासोर शोधायला जाऊ नकोस. गोव्याचे जीवाश्म समुद्राच्या गाळात आहेत: फोरॅमिनिफेरा, वाळूच्या कणाएवढे चुनखडी कवचाचे जीव. त्यांच्या कवचातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, जुन्या समुद्राचं तापमान, पावसाचा जोर यांचा अंदाज बांधता येतो. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत (एनआयओ) या अभ्यासाची जुनी परंपरा आहे, आणि वास्कोला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचं ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. दोन्ही संस्था जनतेच्या पैशावर चालतात, आणि दोन्ही तुला बसने गाठता येतात. इतकं जवळ हे सगळं देशात फार थोड्या मुलांना मिळतं.

२०१५ साली 'जॉइडीस रिझोल्यूशन' या जहाजाने अरबी समुद्राचा तळ खोदून गाळाचे लांबच लांब कोअर, म्हणजे नळीतून काढलेले दंडगोल नमुने, वर काढले. आंतरराष्ट्रीय मोहीम होती, भारताचाही तीत वाटा होता. या जहाजाला मुख्य पैसा अमेरिकी सरकारचा. खर्च परवडेना म्हणून त्यांनी करार पुढे वाढवला नाही आणि २०२४ मध्ये जहाजाचं काम थांबलं. कोअर मात्र जपानमध्ये कोचीच्या भांडारात नीट जपून ठेवलेले आहेत. नमुने हवे असतील तर रीतसर अर्ज करून आजही मागता येतात. जहाज गेलं तरी काम चालू राहू शकतं, कारण साठवणीवर कुणीतरी खर्च केला होता.

आपल्याकडे नेमकं हेच कमी पडतं, असं माझं स्पष्ट मत आहे. कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट कोळशाच्या खाणीत २००५ मध्ये मणके सापडले. ते 'वासुकी इंडिकस' या प्रचंड सापाचे आहेत, हे जगापुढे आलं २०२४ मध्ये. राजासॉरस या डायनासोरची हाडं १९८२ ते १९८४ या काळात गुजरातेत रैयोलीला गोळा झाली. त्याला नाव मिळालं २००३ मध्ये. या उशिराला कारणं अनेक असतात, एकट्या पैशाचा दोष नाही. पण हाड दगडातून मोकळं करणं, नोंदवणं, इतर नमुन्यांशी ताडून बघणं हे खोदण्यापेक्षा कितीतरी लांबलेलं काम, आणि निधी मागण्याच्या प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात त्याचीच ओळ सर्वांत बारीक असते. प्रवासाला पैसे, उपकरणाला पैसे. कपाटाला, डब्यांना, नोंदी ठेवणाऱ्या माणसाला नाही.

तू तसं करू नकोस. नमुने शेवटी कुठल्या संस्थेत राहतील, त्यांना क्रमांक कोण देईल, दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाला ते बघायचे झाले तर कसे मिळतील, हे प्रस्तावातच लिही आणि त्याचा खर्च लाव. समिती काटछाट करील. केली तरी चालेल, पण मागणी कागदावर असू दे. नमुना लोकांच्या पैशाने आलाय, तो तुझ्या टेबलाच्या खणात राहता कामा नये.

बाकीचं थोडक्यात. आधी सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा दे. तीतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली की महिन्याला ३७,००० रुपये येतात, बाबांची काळजी बरीच कमी होईल. मंजूर रक्कम हप्त्यांनी येते आणि पुष्कळदा उशिरा, तेव्हा फिल्डवर्कचे महिने ठरवताना मोकळीक ठेव. प्रत्येक पावती त्याच दिवशी फाइलला लाव. खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही, तर पुढचा हप्ता अडतो.

चवथीच्या आत प्रस्तावाचा मसुदा पाठव. शास्त्राचा भाग अपुरा असला तरी हरकत नाही, अंदाजपत्रकाचं पान मात्र पूर्ण हवं. ते मी आधी वाचेन.

तुझे,
सर