तंत्रशंका : मेल सर्व्हर बसला, बॅकअप नाही

प्रश्न : फोंड्यात आमचा घाऊक विक्रीचा व्यवसाय आहे. ऑफिसातच लिनक्स मेल सर्व्हर आहे. त्यावर पोस्टफिक्स (मेल आणणारा-नेणारा) आणि डव्हकॉट (मेल पेटीतून वाचायला देणारा), चौदा खाती, २ टीबीच्या दोन डिस्क रेड-१ मध्ये (दोन्हींवर तेच लिहिलं जातं). परवा गडगडाटात वीज तीनदा गेली-आली आणि सर्व्हर उठेना. आता कळतं की एक डिस्क मार्चपासूनच बंद होती. दुसरी टकटक आवाज करते. रोज रात्री यूएसबी डिस्कवर बॅकअप जायचा, पण त्यात फक्त होम फोल्डर निघाला. मेल होते व्हारमधल्या व्हीमेल फोल्डरात. सर्व्हर बसवून देणारे म्हणतात, सगळं पुसून नव्याने घालू. काय करावं?

उत्तर : पुसू देऊ नका, आणि 'एकदा चालू करून बघूया' हेही बंद करा. टकटकणारी डिस्क दर वेळी फिरली की थोडी आणखी जाते. दोन्ही डिस्क काढून त्यांवर 'मार्च' आणि 'आता' अशा चिठ्ठ्या चिकटवा.

मार्चची डिस्क हाच तुमचा पहिला बॅकअप असू शकतो. रेडमधून बाद झालेली डिस्क मेलेलीच असते असं नाही. साटा केबल सैल होते, आपल्या दमट हवेत कनेक्टरला गंज धरतो, नाहीतर डिस्कवरच्या एखाद्या सेक्टरने (छोट्या कप्प्याने) उत्तर द्यायला फार वेळ लावला म्हणून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिला बाहेर काढतो. नवी केबल लावून ती दुसऱ्या मशीनला जोडा आणि एमडीएडीएम या रेड सांभाळणाऱ्या साधनाच्या 'एक्झॅमिन'मध्ये 'अपडेट टाइम', म्हणजे तिच्यावर शेवटचं लिहिल्याची वेळ, वाचा. डिस्क धड असेल तर त्या तारखेपर्यंतचे मेल तिच्यावर आहेत. मात्र दोन्ही डिस्क जोडून रेड पुन्हा उभारायला जाऊ नका. मार्चची डिस्क 'अॅड' केली की आजारी डिस्कवरचं तिच्यावर लिहिलं जातं आणि जुनी प्रत कायमची जाते. 'क्रिएट' (नवी रेड बनवणं) तर नकोच.

आता नक्कल. दोन डिस्कच्या दोन प्रतिमा (अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल असलेल्या फाईली), काम करायला तिसरी प्रत आणि काढलेले मेल ठेवायला जागा, म्हणून ८ टीबीची डिस्क घ्या. नक्कल करणारं साधं डीडी वापरू नका, बिघडलेल्या डिस्कसाठीचं जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. पहिली फेरी 'एन' पर्यायाने करा, म्हणजे चांगला भाग आधी उचलला जातो आणि खराब जागा बाजूला राहते. दुसऱ्या फेरीत 'डी' आणि 'आर ३' देऊन त्या खराब जागांवर तीनदा प्रयत्न करा. मॅपफाईल द्यायचीच. तिच्यात कुठवर वाचून झालं याची नोंद राहते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे चालतं. जूनमध्ये हे लागणारच. धडधाकट २ टीबी डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने चारेक तासांत उतरते, आजारी डिस्कला कधी कधी दिवस लागतात. डिस्क बायोसमध्ये दिसतच नसेल तर घरचे प्रयोग तिथेच थांबवा. ते काम डिस्क उघडणाऱ्या प्रयोगशाळेचं.

एफएससीके (फाईल-व्यवस्था तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवायचं ते तिसऱ्या प्रतीवर. ईएक्सटी-४ या फाईल-व्यवस्थेचा मुख्य सुपरब्लॉक (तिच्या रचनेची नोंद) वाचता आला नाही तर, ४ केबीच्या ब्लॉकवर, पहिला राखीव सुपरब्लॉक ३२७६८ क्रमांकावर असतो.

तुमचे मेल मेलडिर पद्धतीने ठेवलेले असतील तर नशीब चांगलं. त्यात दर मेलची वेगळी फाईल असते, म्हणून खराब सेक्टरने एखादा मेल जातो, अख्खी पेटी नाही. दुरुस्तीनंतर काही फाईली 'लॉस्ट-अँड-फाउंड'मध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाने पडतात. त्या कुणाच्या, हे पोस्टफिक्सने वर टाकलेल्या 'डिलिव्हर्ड-टू' ओळीवरून कळतं. पाठवलेल्या मेलांत ही ओळ नसते, तिथे 'फ्रॉम' बघायचं. मेल वाचला की नाही हे फाईलच्या नावाच्या शेपटीत असतं. नाव गेलं की तो मेल 'न वाचलेला' दिसणार. हे सोसायचं.

मार्चचे आणि आताचे मेल एकत्र करताना नेहमीची चूक म्हणजे सरळ आरसिंक (फोल्डर जुळवून कॉपी करणारं साधन) मारणं. वाचल्यानंतर त्याच मेलच्या नावाची शेपटी बदललेली असते, म्हणून एकाचे दोन होतात. नावातल्या कोलनच्या आधीचा भाग ताडून पाहा. आकडी नावाच्या फाईलींसाठी मेलच्या वरच्या भागातली 'मेसेज-आयडी' ओळ ताडा. कॉपी करताना फाईलची वेळ जपली नाही तर दहा वर्षांचा पत्रव्यवहार आजच्या तारखेचा दिसेल. शेवटी फाईलींची मालकी पूर्वीच्या व्हीमेल या लिनक्स खात्याकडे द्या, नाहीतर लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड'ची रांग लागेल.

डव्हकॉटच्या इंडेक्स आणि कॅशे फाईली खुशाल काढा, त्या पुन्हा तयार होतात. 'यूआयडीलिस्ट' (मेलांच्या क्रमांकांची यादी) आणि 'कीवर्ड्स' (मेलांवरच्या खुणा) ठेवा. यूआयडीलिस्ट गेली की प्रत्येक संगणक सगळे मेल नव्याने उतरवतो. ही सूट फक्त मेलडिरला. एमडीबॉक्स (एका फाईलीत अनेक मेल ठेवणारी पद्धत) असेल तर इंडेक्सला हात लावू नका, 'फोर्स-रीसिंक' चालवा.

प्रश्न : म्हापशाला आमचं लॉज आहे. नवा सर्व्हर चालू केला आणि रिसेप्शनवरच्या आउटलुकमधले जुने मेल डोळ्यांदेखत गेले. ते परत येतील का?

उत्तर : आयमॅपमध्ये (मेल सर्व्हरवर ठेवून संगणकाशी जुळवायच्या पद्धतीत) सर्व्हर सांगेल ते खरं. सर्व्हर रिकामा, म्हणून आउटलुकने आपलीही प्रत रिकामी केली. त्या संगणकावर आउटलुक बंद करून ओएसटी फाईल (आउटलुकची त्या संगणकावरची मेलांची प्रत) आत्ताच दुसरीकडे कॉपी करा. आतले मेल पुसले तरी फाईल लगेच आकसत नाही. ओएसटी वाचणाऱ्या दुरुस्ती-साधनाला त्यातून काही मिळू शकतं. 'सिस्टिम प्रोटेक्शन' चालू असेल तर फोल्डरच्या 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मध्येही पाहा.

अजून न उघडलेले संगणक शोधा. मालकांचा लॅपटॉप, कोपऱ्यातला जुना पीसी. नेटची वायर आणि वाय-फाय काढल्याशिवाय ते चालू करू नका. फोन आधी एअरप्लेन मोडवर. आउटलुकमधून पीएसटीत (आउटलुकच्या सुट्या मेल-फाईलीत) निर्यात करा. थंडरबर्ड असेल तर तो बंद ठेवून अख्खा प्रोफाइल फोल्डर उचला. त्यातल्या 'आयमॅपमेल' फोल्डरातल्या बिनएक्स्टेन्शनच्या फाईलींत मेल असतात. आणि सगळं मेलमधूनच काढायचा हट्ट नको. जीएसटीच्या नोटिसा पोर्टलवर पुन्हा मिळतात.

प्रश्न : मडगावच्या आमच्या ऑफिसचा सर्व्हर चार दिवस बंद आहे. या दिवसांतले मेल गेलेच का?

उत्तर : बहुतेक वाटेतच आहेत. पलीकडचा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. प्रमाणकानुसार त्याने निदान चार-पाच दिवस तरी हार मानू नये. पोस्टफिक्सची मुदत मुळातच पाच दिवसांची. चतुर्थीच्या सुट्टीत सर्व्हर बसला तर ही मुदत कुणाच्या लक्षात येण्याआधीच संपू शकते.

बंद सर्व्हरपेक्षा अर्धवट सर्व्हर वाईट. खाती तयार करण्याआधी तो चालू केलात तर तो ५५० (कायमच्या नकाराचा आकडा) देऊन 'असा वापरकर्ता नाही' म्हणतो, आणि मेल कायमचा परत जातो. काम पूर्ण होईपर्यंत पोस्टफिक्समध्ये 'सॉफ्ट बाउन्स' चालू ठेवा. मग तोच नकार तात्पुरता ठरतो. पाचवा दिवस जवळ आला असेल तर एमएक्स नोंद (तुमच्या पत्त्यांचे मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचे हे सांगणारी) एखाद्या भाड्याच्या मेलसेवेकडे वळवा, तिथे सगळी खाती आधी उघडून.

प्रश्न : बिघडलेली डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की चालते म्हणतात. खरं?

उत्तर : नाही. गोव्याच्या हवेत ती बाहेर काढताच तिच्यावर पाणी धरेल.

प्रश्न : पुढे बॅकअप कसा ठेवावा?

उत्तर : रेड म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून पुसलेला मेल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जातो. मेलांबरोबर ईटीसी फोल्डर (सर्व्हरच्या सेटिंग्ज), वापरकर्त्यांचा डेटाबेस आणि डीकेआयएमची किल्ली (जाणाऱ्या मेलांवर सही करणारी) घ्या. रेस्टिकसारखं बॅकअपचं साधन वापरून ७ दिवसांच्या, ४ आठवड्यांच्या, १२ महिन्यांच्या आवृत्त्या ठेवा. दोन यूएसबी डिस्क आलटून पालटून लावा, एक घरी. एकाच प्लगपट्टीवर सर्व्हर आणि बॅकअप असेल तर एकाच विजेत दोन्ही जातात. महिन्यातून एकदा कुठलंही एक खातं दुसऱ्या मशीनवर उतरवून फाईली मोजा. यूपीएसची यूएसबी वायर सर्व्हरला जोडा, म्हणजे बॅटरी संपायच्या आत तो नीट बंद होईल. आणि डिस्क बाद झाल्याची सूचना एमडीएडीएम ज्या पत्त्यावर पाठवतो तो पत्ता याच सर्व्हरवरचा ठेवू नका.